टाकीला लावलेलं सील

जयसिंगकाकांनी स्वतःच्या मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीला सील लावलं, हे कौशल्याकाकीने येऊन सांगितलं तेव्हा आई हसली. मला हसू आलं नाही. मी काकांना चांगलीच ओळखत होते.

काका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पाणीगेटच्या आतल्या गल्लीत आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून आहेत. आमच्या बांदल घराण्यातले जुने लोक संस्थानच्या पागेत होते. काकांच्या वाट्याला नंदेसरीतल्या एका रसायनांच्या कारखान्याचं फाटक आलं. तीस वर्षं ते त्या फाटकावर होते. आधी पहारेकरी, मग वजनकाट्यावर, शेवटी गेट-सुपरवायझर. निवृत्त झाल्यावरही कारखान्याने त्यांना वर्षावर वर्ष ठेवून घेतलं, कारण त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

टँकरवाले काय काय करतात ते काका आम्हाला जेवताना सांगायचे. वाटेत माल काढून विकायचा आणि केबिनमध्ये पाण्याचे कॅन भरून आणायचे. भरल्या टँकरचं वजन झालं की पाणी ओतून द्यायचं, म्हणजे रिकाम्या टँकरचं वजन कमी भरतं आणि चोरलेला माल हिशेबात झाकला जातो. कुणी क्लीनरला वजनाच्या वेळी आत झोपवून ठेवायचा. सील न तोडता तार सोडवणारे तर त्यांनी चौघे पकडले होते. ही विद्या त्यांनी फाटकावर ठेवून यायला हवी होती, पण ती त्यांच्याबरोबर घरी येई. गॅसचा सिलिंडर ते ताणकाट्याला लटकवून पाहत. भाजीवाली भाजी तोलत असली की त्यांचं लक्ष भाजीकडे नसायचं, तिच्या करंगळीकडे असायचं.

त्यांची गाडी चौदा वर्षं जुनी, शंभर सीसीची. बासष्टचं ॲव्हरेज द्यायची आणि काका ते असं सांगायचे की जणू घरातला मुलगा बासष्ट टक्क्यांनी पास झालाय. दर वेळी टाकी पूर्ण भरायची, मीटरचा आकडा पेट्रोल पंपाच्या पावतीच्या मागे लिहायचा आणि भागाकार करायचा, हा त्यांचा नेम.

त्या वर्षी दिवाळीनंतर आकडा घसरायला लागला. आधी सत्तावन्न. मग त्रेपन्न. संक्रांतीला अठ्ठेचाळीस.

"आकांक्षा," मला अंगणात थांबवून ते म्हणाले, "बासष्ट देणारी गाडी अठ्ठेचाळीस देते. चौदा गेले कुठे?"

"गाडी जुनी झाली, काका."

"जुनी व्हायला वर्षं लागतात. अडीच महिन्यांत जे कमी होतं त्याला कमी होणं म्हणत नाहीत."

काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

पहिला संशय जशुभाईवर आला. वाघोडिया रोडवरचा हा मिस्त्री बारा वर्षं ती गाडी बघत होता. वर्षभरापूर्वी सर्व्हिसिंगनंतर गाडीचा आवाज काकांना वेगळा वाटला, आणि याने आपला चांगला कार्बोरेटर काढून कुणाचा तरी जुना बसवला, असं त्यांच्या मनाने घेतलं. जशुभाईला ते काही बोलले नाहीत. फक्त जायचं बंद केलं. तेव्हापासून ते स्वतःच ऑइल बदलायचे आणि त्यालाच सर्व्हिसिंग म्हणायचे. आता अठ्ठेचाळीसचा आकडा बघून ते म्हणाले, "माझं बरोबरच होतं."

पण मग त्यांचा त्यांनाच प्रश्न पडला. कार्बोरेटर वर्षभरापूर्वी बदलला असेल तर ॲव्हरेज दिवाळीपर्यंत ठीक कसं राहिलं?

म्हणून दुसरा संशय पंपावर आला. पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर ते दाखवावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते मागितलं. मागे रांग लागली, कुणीतरी गुजरातीत "काका, चलो ने" म्हणालं, पण काकांनी वाकून, डोळे बारीक करून मापाची रेघ पाहिली. पेट्रोल रेघेला बरोबर होतं. त्यांनी दुसऱ्यांदा भरायला लावलं. पुन्हा बरोबर. घरी आल्यावर ते काकीला म्हणाले, "पंप साफ आहे." त्यांच्या आवाजात समाधान नव्हतं. एक दार बंद झालं की चोर घराच्या जवळ येतो, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

घराच्या जवळ होता गोविंद.

काकांच्या घराच्या मागच्या खोलीत गोविंद आणि त्याची बायको मंदा तीन वर्षं भाड्याने राहत होती. मूळचे अमळनेरकडचे. गोविंद रिफायनरीत एका ठेकेदाराकडे वेल्डर. कमी बोलणारा, बोललाच तर खानदेशी हेल काढून बोलणारा. त्याची मोटारसायकल आणि काकांची मोटारसायकल घराच्या बाजूच्या अरुंद बोळात एकामागे एक उभ्या असत. काकांची पुढे, त्याची मागे.

"तीन वर्षांत त्याने कधी पेट्रोल संपलं म्हणून गाडी ढकलत आणलेली तू पाहिलीस?" काकांनी मला विचारलं.

"नाही."

"मी पण नाही," ते म्हणाले. त्यांच्या लेखी हा पुरावा होता.

मग सील आलं. कारखान्यात टँकरच्या झाकणाला लावतात तसलं, तारेचं, नंबर असलेलं. टाकीच्या झाकणातून तार फिरवून त्यांनी ते दाबलं आणि नंबर लिहून ठेवला. रोज सकाळी ते सील बोटांत धरून डोळ्याजवळ नेऊन वाचायचे. पंधरा दिवस सील जसंच्या तसं राहिलं आणि ॲव्हरेज सेहेचाळीस आलं.

"म्हणजे गोविंद नाही," काकी म्हणाली.

"म्हणजे काम सफाईचं आहे," काका म्हणाले. "किंवा तो खालून नळी काढतो."

मग टाकीखालच्या कॉकच्या नळीलाही तार बांधली गेली. तिच्यावरही काही दिसेना, तेव्हा ते रोज रात्री पुढच्या चाकावर आणि त्याच्या खालच्या फरशीवर खडूची एकच रेघ ओढू लागले. गाडी तसूभर हलली तरी रेघ तुटणार. ही खूण त्यांनी आम्हाला सांगितली नव्हती. मंदाला तर नाहीच. चौथ्या दिवशी सकाळी रेघ तुटलेली होती.

त्या दुपारी मी काकीकडे दही न्यायला गेले होते. गोविंद पहिल्या पाळीवरून अजून यायचा होता. काका रजेवर राहून सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. गोविंद आला तेव्हा मंदा धुणं वाळत घालत होती. काका उठले नाहीत.

"गोविंद, आज सकाळी गाडी हलवलीत?"

"हो काका. माझी काढायची होती. तुमची जरा पुढे घेतली."

"किती वाजता?"

"पाचला. सवापाच असतील."

"रोज हलवता?"

"कधी कधी. तुमची आडवी असली तर."

"हलवताना एकटेच असता?"

गोविंदने काकांकडे पाहिलं. मग त्याने गाडीकडे पाहिलं, आणि टाकीच्या झाकणावरची तार बहुधा पहिल्यांदाच त्याच्या नीट लक्षात आली. तो पुढे झाला, त्याने स्वतःच्या गाडीच्या टाकीचं झाकण काढलं आणि ते हातात धरून उभा राहिला.

"बघा," तो म्हणाला.

"मी काही म्हटलं नाही," काका म्हणाले. "मी फक्त विचारतोय."

मंदाच्या हातातला ओला सदरा तसाच राहिला. काकी दारातून "अहो, पुरे" म्हणाली. मीही तिथेच होते, हातात दह्याचा डबा घेऊन. मी काही बोलले नाही. हे मला इथे सांगितलंच पाहिजे.

गोविंदने भांडण केलं नाही. त्या दिवसापासून तो आपली गाडी बाहेर गल्लीत लावायला लागला आणि तीन आठवड्यांत त्यांनी तरसालीला खोली पाहिली. सामान छोट्या टेम्पोत भरताना काका घरातच बसून होते. टेम्पो गेल्यावर ते बोळात आले आणि त्यांनी गाडी ऐटीत मधोमध उभी केली.

"आता बघ," ते मला म्हणाले.

पुढच्या भागाकाराला चव्वेचाळीस आले.

त्यानंतरचे दिवस काकी कसे काढत होती ते तिलाच ठाऊक. काका आता कुणाचं नाव घेत नव्हते आणि म्हणूनच सगळेच त्यात आले होते. आमच्या घरी कुणी पाहुणा आला तर तो किती वाजता आला आणि बोळाकडे गेला का, याची चौकशी व्हायची. माझ्या आईने एकदा बोळातून झाडू मारत नेला, तर काका खिडकीत उभे राहून बघत होते. आई घरी येऊन म्हणाली, "भाऊजींना आता आपण पण चोर दिसतो."

मार्चमध्ये एका सकाळी माझ्या स्कूटरचं चाक पंक्चर होतं. मी फतेहगंजच्या एका लॅबमध्ये रक्त तपासणीचं काम करते. ते काकांच्या वाटेवरच आहे. काका म्हणाले, "चल, सोडतो."

मी मागे बसले आणि लहरीपुरा दरवाजा यायच्या आत मला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. काकांचा उजवा पाय ब्रेकवर होता. लागेल तेव्हा नाही, कायमचाच. गाडी चालतही होती आणि तिला कुणी मागून धरलेलंही होतं. डावा हात क्लच अर्धवट दाबून. रस्ता मोकळा होता तरी गाडी तिसऱ्याच्या वर जात नव्हती आणि इंजिन ओरडत होतं.

"काका, चौथा टाका ना."

"गर्दी आहे."

गर्दी नव्हती. रस्त्यावर डांबराचं नवं काळं ठिगळ होतं, तिथे त्यांनी खड्डा असल्यासारखा ब्रेक मारला. झाडाची सावली आडवी पडली होती, तिथेही. एका बाजूला पेरूची हातगाडी उभी होती, तिला त्यांनी दोनदा हॉर्न दिला, ती बाजूला होण्याची वाट पाहिली आणि अगदी जवळ गेल्यावर वळसा घातला. उन्हाकडे तोंड झालं की ते मान खाली घालून चालवत.

लॅबपाशी उतरताना माझ्या जिभेवर शब्द आले होते. पण काकांशी बोलायचं म्हणजे आधी उत्तरं तयार ठेवावी लागत. तुला कुणी सांगितलं, तू कधीपासून बघतेस, काकीने विचारायला लावलं का. मी "येते" म्हणून आत गेले.

आठच दिवसांनी छाणी जकातनाक्याच्या पुढे गाडी बंद पडली. म्हणजे इंजिन चालू होतं, मागचं चाक फिरेना. जळका वास, धूर आणि चाकाच्या मधल्या डब्याला हात लावला तर चटका. काकांनी फोन मला केला, कारण काकीला केला असता तर तिने आधी प्रश्न विचारले असते. आणि माझ्या ओळखीचा मिस्त्री एकच होता. जशुभाई छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला, वर्षभराबद्दल एक अक्षर न बोलता त्याने गाडी चढवली आणि वाघोडिया रोडवर आणली.

काका स्टुलावर बसून त्याच्या हातांकडे बघत होते. जशुभाईला ते कळत होतं. एकेक भाग काढला की तो त्यांच्यासमोर फडक्यावर मांडत होता.

एअर फिल्टर काढला तेव्हा तो काजळीने आणि नंदेसरीच्या धुळीने बुजलेला होता. "काका, आ जुओ," जशुभाई तो पुढे धरून दाखवत म्हणाला. नाकात बोळे घालून पळायला लावलं तर माणूस किती पळेल, असं त्याने विचारलं. हवा कमी पडली की इंजिन नुसतं पेट्रोल पितं. चेन कोरडी ठणठणीत. मागच्या टायरात हवा निम्मी. आणि शेवटी ब्रेकचे लायनर. ते जळून कागदाएवढे झाले होते, ड्रम निळा पडला होता.

"ब्रेक पर पग मूकीने कोण चलावे छे?" ब्रेकवर पाय ठेवून कोण चालवतं, असं त्याने विचारलं.

काका म्हणाले, "कुणी नाही. लायनर नकली असतील. तूच बसवलेस ना?"

जशुभाई उठला, हात पुसले आणि म्हणाला, "सारू. मापी लईए." म्हणजे मोजूनच घेऊ या.

फिल्टर बदलला, चेन ताणून तेल दिलं, हवा भरली, नवे लायनर काकांच्या समोर खोक्यातून काढून बसवले. मग त्याने टाकीची नळी बंद केली आणि एका बाटलीत पाव लिटर पेट्रोल मोजून ती गाडीला टांगून नळीने जोडली. मापावर नजर काकांचीच होती. त्यावरचा बारीक आकडा मात्र त्यांनी मला वाचायला लावला. जशुभाई गाडी घेऊन वाघोडियाच्या दिशेने गेला आणि पेट्रोल संपेपर्यंत सरळ चालवली. चौदा किलोमीटर. म्हणजे लिटरला छप्पन्न.

"बासष्ट होतं," काका म्हणाले.

चौदा वर्षांत पिस्टनच्या रिंगा झिजतात, जशुभाईने समजावलं. ते सहा कुणी चोरलेले नाहीत, ते गेले. मग त्याने बाटली पुन्हा भरली आणि चावी काकांच्या हातात दिली. तोच रस्ता, तीच गाडी, तेवढंच पेट्रोल. मी स्कूटरवरून मागे गेले.

पावणेबारा किलोमीटरला गाडी थांबली. काका रस्त्याच्या कडेला बाटलीकडे बघत उभे राहिले. बाटली उपडी करून पाहिली. गळती आहे का म्हणून नळीवरून बोट फिरवलं. मग मीटरकडे वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"किती दाखवतंय?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला असावा. सत्तेचाळीस. दुसऱ्या कुणालाही त्यांनी खोटं ठरवलं असतं. जशुभाईला, मलाही. पण माप त्यांच्यासमोर भरलं होतं आणि गाडीवर दुसरं कुणी नव्हतं.

"त्या दिवशी तू मागे बसली होतीस," ते म्हणाले. "काय दिसलं तुला?"

मी सगळं सांगितलं. पाय, क्लच, डांबराचं ठिगळ, पेरूची गाडी. त्यांनी मला मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

मग ते म्हणाले, "दिवाळीपासून सगळं धुरकट दिसतंय. समोरून दिवा आला की फुटतो, त्याचे दहा होतात. सीलचे नंबर मी फाटकावर दुसऱ्याकडून वाचून घेतो. म्हणतो, तू वाच, मी तपासतो."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर फाटक गेलं असतं."

इतके महिने सगळ्यांवर पाळत ठेवणारा माणूस स्वतः कुणाच्या तरी नजरेतून लपत होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. त्या रस्त्यावर तो आला नाही. येताना गाडी जशुभाईच्या माणसाने आणली आणि काका माझ्या मागे बसले.

तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजवा चांगलाच पिकलेला. काकांनी डॉक्टरला विचारलं की ऑपरेशनची गरज खरंच डोळ्याला आहे की दवाखान्याला आहे. आत बसवायच्या भिंगाचं खोकं त्यांनी मागून घेतलं आणि त्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी माझ्याकडून ताडून घेतला. डॉक्टरने ते हसून चालवून घेतलं. आधी उजवा, दीड महिन्याने डावा. पट्टी काढल्यावर ते पहिल्यांदा काकीकडे बघून म्हणाले, "तू वाळलीस." काकी म्हणाली, "वाळेन नाही तर काय."

कारखान्याची नोकरी त्यांनी स्वतःहून सोडली. कारण विचारलं तर म्हणाले, सहा महिने न दिसता फाटक सांभाळलं, त्यात काय काय बाहेर गेलं असेल ते मला माहीत नाही.

गोविंदकडे जाऊ या, असं काकीने दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा काका उठून बोळात गेले. जूनच्या एका रविवारी ते सकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "तरसालीचा पत्ता आहे तुझ्याकडे?" मंदाचा नंबर माझ्याकडे होता.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली. मंदाने दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. गोविंद आंघोळीला गेला होता. काका पाण्याचा पेला हातात धरून म्हणाले, "मंदा, माझं चुकलं. गाडीत काही नव्हतं. माझ्या डोळ्यांत होतं."

मंदा खाली बघत म्हणाली, "काका, तुम्ही त्यांना चोर म्हणाला असता तर ते भांडले असते. तुम्ही नुसतं विचारत राहिलात. नंतर महिनाभर ते मलाच विचारायचे, माझ्या तोंडावर तसं काही दिसतं का."

काकांनी पेला खाली ठेवला.

गोविंद आला, टॉवेल खांद्यावर. नमस्कार केला आणि समोर बसला. काकांनी जे मंदाला सांगितलं तेच त्याला पुन्हा सांगितलं, बाटलीच्या मोजणीसकट, छप्पन्न आणि सत्तेचाळीससकट. खोली रिकामी आहे, केव्हाही या, असंही म्हणाले.

"इथून पाळीला जायला बरं पडतं," गोविंद म्हणाला. ते खरं नव्हतं. तरसालीहून रिफायनरी लांब पडते. काकांना ते माहीत होतं. त्यांनी ते खोडून काढलं नाही.

आम्ही उठलो तेव्हा गोविंदने विचारलं, "ऑपरेशन कुठे केलंत? आमच्या आईला पण गावाकडे तसंच होतंय. ती सांगत नाही, पण चूल पेटवताना हात भाजून घेते."

काकांनी खिशातून पेन काढलं आणि उभ्या उभ्या दवाखान्याचं नाव, रस्ता, डॉक्टरचा बसायचा वार, सगळं लिहिलं. अक्षर बारीक होतं आणि ओळी सरळ होत्या.

"माणूस कसा आहे?" गोविंदने विचारलं.

काकांनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, आता खोक्याच्या नंबराबद्दल सांगतील.

"चांगला आहे," ते म्हणाले. "आईला घेऊन या. मी बरोबर येतो."

गोविंदने कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. येणार की नाही, ते त्याने सांगितलं नाही. मंदा जिन्यापर्यंत आली आणि मला म्हणाली, "उतरताना जपून, तिसरी पायरी तुटकी आहे." काका पुढे होते. ते त्या पायरीपाशी थांबले, कठड्याला धरून खाली बघितलं आणि ती ओलांडून उतरले.